दैव बलवत्तर म्हणून

मराठी बातम्यांमधला एक शब्दप्रयोग ठरलेला आहे. एसटी पुलाच्या कठड्याला धडकून थांबते. सिलिंडरचा स्फोट होतो तेव्हा घरात कुणी नसतं. जुनं झाड कोसळतं ते नेमकं रिकाम्या बाकावर. अशा बातमीत शेवटी ते वाक्य येतंच : दैव बलवत्तर म्हणून जीवितहानी झाली नाही. बातमी तिथंच संपते. एसटीचे ब्रेक कधी तपासले होते, गॅसची नळी किती वर्षांची होती, झाड आतून पोकळ झालंय हे कुणाला माहीत होतं, हे प्रश्न आपण माणूस मेला तरच विचारतो.

माझ्याकडे अशी एक बातमी आहे. ती कुठंच छापून आली नाही, कारण छापण्यासारखं काही घडलंच नाही. आठ वर्षं मी ती कुणाला सांगितली नाही. गेल्या दिवाळीत सांगितली, आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात अडकून बसलाय. जे घडलंच नाही, त्याचा दोष लागतो का?

*

आमचं गाव जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात. माझ्या वडिलांची, अण्णांची, यारी होती. यारी म्हणजे इथं दोस्ती नाही. विहीर खोदताना खालचा दगड-मुरूम वर ओढणाऱ्या यंत्राला आमच्याकडं यारी म्हणतात. पुण्यातल्या मित्रांना मी ‘एक प्रकारची क्रेन’ असं सांगतो आणि विषय संपवतो, पण इथं नीट सांगायला हवं.

एक लोखंडी सांगाडा. त्यावर डिझेल इंजिन, रोप गुंडाळायचा ड्रम, क्लच, ब्रेक. सांगाड्यातून विहिरीवर झुकलेला एक लांब लोखंडी हात आणि त्याच्या टोकाला पुली. पुलीवरून वायर रोप खाली जातो. (शेतातलं रोप नव्हे, तारांचा दोर.) रोपाच्या टोकाला लोखंडी बकेट. खाली दोघं-तिघं दगड भरतात, वर ऑपरेटर ओढतो, हात बाजूला फिरवून बकेट काठावर रिकामी करतो. दिवसभर हेच. सगळा सांगाडा एका जुन्या ट्रकच्या ॲक्सलवर बसवलेला. एक विहीर संपली की ट्रॅक्टरला जोडायचा आणि पुढच्या गावाला न्यायचा.

यारीसोबत एक ट्रॉली असायची. तिच्यावर पत्र्याचं छत, आत अंथरुणं, पिठाचा डबा, एक बॅटरी आणि तिच्यावर लागणारा दिवा. मजूर त्यातच राहायचे. दिवाळी झाली की हे चाकांवरचं घर निघायचं आणि मृगाच्या आधी परत यायचं. पावसाळाभर यारी आमच्या घरामागच्या लिंबाखाली उभी असायची. ते चार महिने अण्णांच्या मते सगळ्यात महत्त्वाचे. चाकांचे बेअरिंग उघडून जुनं ग्रीस काढायचं, ब्रेकची पट्टी बदलायची, पुली हातानं फिरवून कान लावून ऐकायची, गंज खरवडून रंग द्यायचा. अण्णा म्हणायचे, यंत्र कामावर असताना झिजतं आणि बसून असताना सडतं.

आमच्या भागात वर काळी माती, खाली मुरूम, मग कच्चा खडक, आणि शेवटी काळा पाषाण. विहिरीची खोली अजून परसात मोजतात, म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या उंचीत. पाच-सहा परस गेल्यावर पाषाण लागतो. मग कॉम्प्रेसरनं होल मारायचे, सुरुंग लावायचा, फुटलेला दगड उपसायचा. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट : ज्या बकेटमधून दगड वर येतो, त्याच बकेटमधून माणसं खाली जातात. एक पाय आत, एक बाहेर, हात रोपाला. सकाळी खाली, दुपारी भाकरीला वर, परत खाली, सुरुंग पेटवायच्या आधी वर. त्या काळात ना हेल्मेट, ना पट्टा. जे काही होतं, ते तो रोप होता.

अण्णांचा एक नियम होता. सकाळची पहिली फेरी मालकाची. मजुरांच्या आधी ते स्वतः बकेटमध्ये बसून तळापर्यंत जायचे आणि वर यायचे. मग बाकीचे. पंचक्रोशीत लोक त्यांना याच गोष्टीसाठी ओळखायचे.

*

२०१६ चा उन्हाळा. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. आमच्याकडं रेल्वे आली नाही, टँकर आले. मोसंबीच्या बागा जळत होत्या आणि प्रत्येक शेतकऱ्याला एकच घाई होती, पावसाच्या आत विहीर अजून दोन परस खाली न्यायची. अण्णांकडं विहिरींची रांग लागलेली.

मी इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष संपवून घरी आलो होतो. वय अठरा. अण्णांनी मला रोज सकाळचं काम दिलं. इंजिन सुरू व्हायच्या आधी सुती फडकं रोपावर धरायचं आणि ड्रमवरून रोप हळूहळू सोडत पूर्ण लांबी त्या फडक्यातून जाऊ द्यायची. एखादी तार तुटली असेल तर तिचं टोक फडक्याला अडकतं. उघडा हात लावायचा नाही, तार हात फाडते. मग ग्रीस लावायचं. मग बकेटच्या वरचे तीन क्लॅम्प पान्यानं आवळून बघायचे, कारण वजन आलं की रोप ताणून बारीक होतो आणि काल घट्ट असलेला नट आज सैल निघतो. शेवटी चाकांखालचे दगड बघायचे. सगळं मिळून पाऊण तास.

पहिला आठवडा मी हे मन लावून केलं. दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड. रोज फडकं फिरवायचं आणि रोज काहीच अडकायचं नाही. ज्या कामातून काही निघत नाही ते काम हळूहळू खोटं वाटायला लागतं. तिसऱ्या आठवड्यात मी फडकं हातात घेणंच सोडलं. आमच्या निकालाची वाट बघणं चालू होतं आणि त्या शिवारात मोबाइलला रेंज फक्त विहिरीतून काढलेल्या दगडांच्या ढिगावर यायची. मी सकाळी ढिगावर उभा असायचो.

अण्णा खालून विचारायचे, “पाह्यला का रे रोप?”

मी म्हणायचो, “हो, पाह्यला.”

आणि अण्णा बकेटमध्ये बसायचे.

हे एकदा झालं नाही. सहा दिवस झालं. सहा सकाळी मी माझ्या बापाला सात परस खोल विहिरीत एका शब्दावर सोडलं, आणि तो शब्द खोटा होता. त्यांच्या मागोमाग मामा जायचे. ते आमच्या नात्यातले नव्हते, पण अण्णांसोबत पंधरा वर्षं होते आणि मला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरले होते, म्हणून मामा. त्यांच्या मागे अजून दोघं.

सातव्या दिवशी इंजिनचा पट्टा तुटला आणि काम थांबलं. रिकाम्या वेळात अण्णांनी स्वतः फडकं घेतलं. बकेटपासून दोन-अडीच वाव वर फडकं अडकलं. थोडं पुढं परत अडकलं. त्यांनी चष्मा लावून मोजलं. चार बोटांच्या अंतरात नऊ तारा तुटलेल्या होत्या. रोप पीळ उलगडून पाहिला तर आत लाल भुगा, मधला दोर कोरडा ठक्क.

“दिवाळीलाच तर घेतला,” अण्णा म्हणाले. “इतक्या लवकर?” मग थोडा वेळ विचार करून : “रोपच हलका दिला त्यानं.”

त्यांनी मोटारसायकल काढली, जालन्याला जाऊन दुसऱ्या दुकानातून नवीन रोप आणला. ज्या दुकानातून आधी घेत होते तिथं परत कधी गेले नाहीत, आणि दुसऱ्या यारीवाल्यांनाही तिथं जाऊ नका म्हणून सांगितलं. मी जवळ उभा होतो. मी काही बोललो नाही.

जीवितहानी झाली नाही.

*

वायर रोप कुठून आला हे मला कॉलेजात कळलं. १८३४ मध्ये जर्मनीतल्या हार्त्स डोंगरातल्या खाणींमध्ये विल्हेल्म आल्बर्ट नावाच्या खाण अधिकाऱ्यानं तो पहिल्यांदा वापरात आणला. त्याआधी खाणीतून माल ओढायला तागाचे दोर आणि लोखंडी साखळ्या असत. साखळीची अडचण अशी की तिची एक कडी तुटली की संपूर्ण साखळी तुटते, आणि तीही न सांगता. आल्बर्टनं लोखंडाच्या चार-चार तारा पिळून पेड केले आणि तीन पेड एकत्र पिळून दोर केला. त्यात एक तार तुटली तरी बाकीच्या अकरा वजन धरून ठेवतात. माणसाला बघायला वेळ मिळतो.

मला ही कल्पना फार मोठी वाटते. या दोराची ताकद तर आहेच, पण तो तुटायच्या आधी सांगतो, हे त्याहून मोठं. आमच्या रोपात सहा पेड आणि प्रत्येकात एकोणीस तारा होत्या, म्हणजे ११४. मध्ये ग्रीस धरून ठेवणारा तंतूंचा दोर. अमेरिकेतल्या क्रेनच्या नियमांत असं लिहिलंय की पेड रोपाभोवती एक पूर्ण फेरा घेतो तेवढ्या लांबीत सहा तारा तुटलेल्या दिसल्या, किंवा एकाच पेडात तीन, तर रोप काढून टाकायचा. आमच्या रोपात तो फेरा साधारण चार बोटांचा. आमच्याकडं नऊ होत्या.

पण रोप कुणी पाहिलाच नाही, तर त्याच्या सांगण्याला अर्थ उरत नाही. न पाहिलेला वायर रोप म्हणजे शेवटी साखळीच.

१८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस उंच फलाटावर उभा राहिला आणि सगळ्यांसमोर त्यानं फलाटाचा दोर कापायला लावला. फलाट थोडा सरकला आणि थांबला. त्याच्या यंत्रातले खटके बाजूच्या दात्यांच्या पट्ट्यांत अडकले होते. आपण रोज लिफ्टमध्ये निर्धास्त चढतो त्यामागं ती कल्पना आहे. विहिरीतल्या बकेटला मात्र बाजूच्या पट्ट्या नसतात. ती मोकळी लोंबकळते. तिथं खटका अडकायला जागाच नाही. तिथं फक्त फडकं असतं आणि ते धरणारा हात.

*

आता माझी बाजू. वकिलासारखी मांडून बघतो, कारण आठ वर्षं मी स्वतःपुढं ती मांडतच होतो.

एक : हिशेब. ११४ पैकी नऊ गेल्या तरी १०५ उरतात. भरलेल्या बकेटचं वजन त्या जाडीच्या रोपाच्या ताकदीपुढं फार नव्हतं. मी नंतर आकडे मांडले. तो रोप बहुधा अजून काही दिवस टिकला असता. दोन : मी अठरा वर्षांचा होतो. तीन : यारी जोखमीची असते हे मामांना माहीत होतं, त्यांनी ते काम स्वतः पत्करलं होतं. चार, आणि हा सगळ्यात जोरदार : काही झालं नाही.

पहिल्या मुद्द्याचं उत्तर सोपं आहे. तो हिशेब मी नंतर केला. त्या सहा सकाळी माझ्याकडं हिशेब नव्हता, काहीच नव्हतं. शिवाय नऊ या दिसणाऱ्या तारा. गंज आतून खातो आणि आतल्या तारा बाहेरून मोजता येत नाहीत. दुसऱ्या मुद्द्याला मी स्वतःच हसतो. अठराव्या वर्षी मला मतदान करता येत होतं, मग फडकं धरता येत नव्हतं का?

तिसरा मुद्दा जड आहे. मजूर जोखीम पत्करतो हे खरं. पण त्यानं जी पत्करली ती खडकाची, सुरुंगाची, दरड पडायची. माझ्या आळसाची जोखीम त्याला कुणी दाखवलीच नव्हती. जे दाखवलं नाही ते पत्करलं असं कसं म्हणायचं? आणि दुष्काळात परसावर मजुरी मिळणाऱ्या माणसाचं ‘पत्करणं’ किती मोकळं असतं, हा वेगळाच प्रश्न.

उरतो चौथा. काही झालं नाही.

विल्यम क्लिफर्ड नावाचा एक इंग्लिश गणितज्ञ होता. १८७७ मध्ये त्यानं ‘श्रद्धेची नीती’ अशा अर्थाच्या मथळ्याचा एक निबंध लिहिला. त्याची सुरुवात एका जहाजमालकापासून होते. जहाज जुनं आहे, अनेकदा दुरुस्त झालंय. देश सोडून निघालेली कुटुंबं त्यात बसणार आहेत. मालकाच्या मनात शंका येते, जहाज एकदा पूर्ण तपासून घ्यावं का? पण खर्च मोठा. मग तो स्वतःला समजावतो. इतक्या फेऱ्या सुखरूप झाल्या, ही पण होईल. दैवावर विश्वास ठेवावा, कारागिरांवर संशय घेऊ नये. हळूहळू त्याची खरोखरच खात्री पटते. जहाज निघतं, समुद्रात बुडतं, आणि मालक विम्याचे पैसे घेतो.

क्लिफर्ड म्हणतो, तो दोषी आहे. त्याचा विश्वास मनापासूनचा होता, पण तो विश्वास त्यानं तपासून कमावला नव्हता, शंका दाबून मिळवला होता. इथवर सगळेच मान हलवतात. मग क्लिफर्ड गोष्ट बदलतो. समजा जहाज बुडालंच नाही. ही फेरी सुखरूप झाली आणि पुढच्याही अनेक झाल्या. मग दोष कमी होतो का? तो म्हणतो, तसूभरही नाही. माणूस चुकला तो जहाज सोडलं त्या क्षणी. पुढं समुद्रानं काय केलं ते समुद्राचं काम. फार तर एवढंच, की हा दोषी सापडला नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुण्यात, रूमवर, पलंगावर आडवा पडून मोबाइलवर वाचत होतो. उठून बसलो.

शंभर वर्षांनी, १९७६ मध्ये, बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी याला ‘नैतिक नशीब’ असं नाव दिलं. त्यांचं म्हणणं ढोबळमानानं असं : आपण तोंडानं म्हणतो की माणसाला त्याच्या हातात असलेल्या गोष्टींवरूनच जोखावं, पण प्रत्यक्षात तसं वागत नाही. दोन ड्रायव्हर सारखेच बेफिकीर. एकासमोर लेकरू येतं, दुसऱ्यासमोर येत नाही. पहिला जन्मभर खुनी, दुसरा रात्री घरी जाऊन जेवतो. फरक दोघांच्या हातातला नाही, रस्त्यावरचा आहे. तरीही आपण, आणि कायदाही, दोघांना सारखं मानत नाही.

आपल्याकडं हे उलट्या बाजूनं सांगितलेलं आहे. फळाकडं न बघता कर्म कर, हे आपण दहावीच्या निकालाआधीपासून ऐकतो. पण ते वापरतो नेहमी दिलासा म्हणून : केलं होतं बाबा सगळं, यश आलं नाही, वाईट वाटून घेऊ नको. फळ वाईट आलं तरी कर्म चांगलं असू शकतं, एवढा अर्धाच भाग आपण घेतो. दुसरा अर्धा भाग कुणी सांगत नाही : फळ चांगलं आलं म्हणून कर्म चांगलं होत नाही.

मी कुणाच्या बाजूनं? आधी वाटायचं, क्लिफर्डच्या. आता वाटतं, पूर्ण नाही. रोप तुटला असता तर मी आज हे लिहीत नसतो, बहुतेक काहीच लिहीत नसतो. अण्णा गेले असते आणि मला ते माहीत असतं. तो मी आणि हा मी सारखेच, असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. पण एक नक्की. ‘काही झालं नाही’ हे वाक्य मला शिक्षेतून सोडवतं, चुकीतून नाही. उलट त्यानं माझ्यावर एक काम टाकलं. ज्याचा रोप तुटला त्याला दुरुस्त करायला काहीच उरत नाही. माझ्याकडं अजून उरलं होतं.

*

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडं एकानं लिहिलेला कोड दुसऱ्यानं तपासायचा असतो. तपासून ‘चांगलं दिसतंय’ असं लिहायचं आणि हिरवं बटण दाबायचं. मी हे बटण न वाचता किती वेळा दाबलंय, सांगायला लाज वाटते. लिहिणाऱ्याला वाटतं, पुढं तपासणारा आहे. तपासणाऱ्याला वाटतं, लिहिणारा हुशार आहे आणि टेस्ट पास झाल्यात. मॅनेजरला वाटतं, दोघांच्या सह्या आहेत. तीन माणसं, तीन विश्वास, आणि कोड कुणीच वाचलेला नसतो.

एकदा रात्री दोन वाजता असा एक बदल आम्हाला मागं घ्यावा लागला. मोठं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, “नशीब, रात्रीची वेळ होती.” सगळे हसले. मला दगडांच्या ढिगावर उभा असलेला मी दिसलो.

त्या दिवाळीला मी घरी गेलो ते ठरवूनच.

*

अण्णांनी तोवर यारी विकायला काढली होती. आता पोकलेन येतं आणि पंधरा दिवसांचं काम दोन दिवसांत उरकतं. २०२२ पासून रोजगार हमीतून सिंचन विहिरीला ४ लाखांपर्यंत अनुदान मिळायला लागलं, विहिरी वाढल्या, पण यारीकडं काम येतं ते पोकलेनचा हात जिथं पोचत नाही तिथलं.

रात्री जेवणं झाल्यावर अंगणात बसून मी सगळं सांगितलं. ढीग, रेंज, सहा दिवस, दुकानदार. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता रागावतील, किंवा जाऊ दे म्हणतील. दोन्ही म्हणाले नाहीत.

“मी तरी कुठं पाह्यला?” ते म्हणाले. “मी इचारला फक्त. इचारणं सोपं ऱ्हातं. इचारलं म्हंजे पाह्यलं, असं वाटतं माणसाला.”

मग म्हणाले, “मामाला सांग. तो बी बसत होता.”

मामा आता वाळूजला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेत. मी फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं ते हसण्यावारी नेतील. ते म्हणाले, “पहिले काही साल मी रोज वर बघायचो. रोप, पुली, सगळं. मग अण्णा आधी बसतात म्हणल्यावर बघणं सोडलं. मालक बसतो तर आपल्याला काय भ्या.”

फोन ठेवल्यावर मला ते सगळं एका ओळीत दिसलं. मामांचा विश्वास अण्णांवर. अण्णांचा माझ्यावर. माझा कालच्या दिवसावर. आणि रोपावर कुणाचाच हात नाही. अण्णांचा पहिल्या फेरीचा नियम हा त्या यारीवरचा सगळ्यात सच्चा नियम होता, आणि नेमका त्याच नियमामुळं मामांची नजर वर जायची थांबली होती. त्यात वाईट माणूस कुणीच नव्हता. साखळी प्रेमाची होती. पण होती साखळीच, आणि तिची कडी न सांगता तुटणार होती.

एकमेकांवर विश्वास ठेवू नये, असं मला म्हणायचं नाही. विश्वासाशिवाय कुणी विहिरीत उतरणार नाही आणि कुणी एसटीत बसणार नाही. म्हणायचं आहे ते इतकंच, की विश्वास पुढं सरकवता येतो, पाहणं सरकवता येत नाही. साखळीत कुठंतरी एका माणसाला स्वतः फडकं धरावंच लागतं. आणि ज्याच्याकडं ते काम आहे, तो वजनानं बकेटमध्ये बसलेला नसला तरी बकेटमधल्या माणसाचा जीव त्याच्याकडं ठेव म्हणून असतो. खाली गेलेल्याला वर बघून काही कळत नाही. त्याला आकाशाचा एक गोल तुकडा दिसतो, आणि त्यात मधोमध एक काळी रेघ.

दुसऱ्या दिवशी मी आणि अण्णा जालन्याला त्या जुन्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा झालाय, गल्ल्यावर मुलगा बसतो. रोप खरंच हलका होता की मी त्याला कोरडा ठेवला, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि तसंच मी त्यांना सांगितलं. त्यांना आठवत होतं. त्या साली चार-पाच यारीवाले अचानक यायचे थांबले, का ते कळलं नव्हतं. रागावले नाहीत, चहा सांगितला. पण “असू दे” असंही म्हणाले नाहीत. मला ते बरोबर वाटलं.

*

यारी फेब्रुवारीत गेली. घेणारा पोरगा माझ्यापेक्षा लहान, जाफराबादकडचा. व्यवहार झाला, पैसे मोजून झाले, ट्रॅक्टर जोडला. पोरगा निघायच्या घाईत होता. अण्णांनी त्याला थांबवलं, इंजिनाच्या कप्प्यातून एक सुती फडकं काढलं आणि त्याच्या हातात दिलं. “धर रोपावर. मी सोडतो.”

पोरगा म्हणाला, “काका, पाह्यला ना तुम्ही. तुमच्यावर विश्वास आहे.”

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मग ड्रमचा ब्रेक मोकळा केला आणि रोप हळूहळू सोडायला लागले. ऐंशी-नव्वद फूट रोप त्या पोराच्या मुठीतून गेला. दहाएक मिनिटं लागली. कुणी बोललं नाही. फडकं कुठंच अडकलं नाही.

“काहीच नाही काका,” पोरगा म्हणाला.

“आज नाही,” अण्णा म्हणाले. “उद्या परत धर.”